बिनमेकअपचा सिनेमा

“आता हात थांबवा आणि खरं बोला,” कॅमेऱ्यामागून श्रीरंग म्हणाला.

दुपारचा एक वाजला होता. आम्ही तिघं पाटांवर बसलो होतो आणि पुढ्यात जेवणाची ताटं होती. भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत, ठेचा. सगळं मी सकाळी आठ वाजता श्रीरंगच्या घरी येऊन स्वतः रांधलेलं, कारण नियमच तसा होता. कॅमेऱ्यापुढे येईल ते खरं असलं पाहिजे. रिकामा कप तोंडाला लावून चहा प्यायल्याचा आव आणायचा नाही. दिवे लावायचे नाहीत, म्हणून खिडकीलगतची जागा. मागून संगीत नाही, म्हणून पंखासुद्धा बंद. आणि मेकअप नाही.

हा शेवटचा नियम मी मोडला होता आणि ते फक्त श्रीरंगला ठाऊक होतं.

आधी अरुंधती बोलली. ती कॉलेजात मराठी शिकवायची, सांगलीहून नोकरीसाठी कोल्हापुरात येऊन वर्षच झालं होतं. तिने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि सांगितलं की तिची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. एका सकाळी आईने औषध मागितलं आणि तिने दिलं नाही. मुद्दाम नाही दिलं. बाहेर जाऊन कपडे वाळत घातले. सगळे कपडे नीट झटकून, चिमटे लावून घातले, आणि मग आत आली.

“तोवर संपलं होतं,” ती म्हणाली. “आणि मला बरं वाटलं.”

मग मुकुंद. बँकेत कारकून, पोटाचा घेर सुटू लागलेला, विनोद सांगताना स्वतःच आधी हसणारा माणूस. त्याने शर्ट काढला आणि आमच्याकडे पाठ केली. पाठीवर पाच-सहा जुने व्रण होते, आक्रसलेले, तांबूस. “वडील,” तो म्हणाला. “कमरेचा पट्टा. मी वीस वर्षांचा होईपर्यंत.” शर्ट घालताना त्याची बटणं वरखाली लागली आणि ती तशीच राहिली.

मग माझी पाळी. मी शेजारी खोबरेल तेलाची वाटी आणि पाण्याचा तांब्या ठेवला होता. तेल चेहऱ्याला लावलं, ओढणीच्या टोकाने पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा पुसलं. वरून पाणी मारलं. ओढणीवर गव्हाळ रंगाचा चिखल उतरला आणि माझ्या डाव्या डोळ्याभोवतीपासून हनुवटीपर्यंतचं कोड त्या दोघांना दिसलं. माझ्या घराबाहेर ते कुणीच पाहिलं नव्हतं.

“चौदाव्या वर्षी फुटलं,” मी म्हणाले. “तेव्हापासून माझे वडील रोज सकाळी ते झाकतात.”

अरुंधतीने माझा हात हातात घेतला. मुकुंदच्या डोळ्यांत पाणी आलं. श्रीरंगने कॅमेरा चालूच ठेवला. मग आम्ही ताटातलं सगळं संपवलं, गार झालेलं पिठलंसुद्धा. मला तर दुसरी भाकरीही गेली.

ही गोष्ट दोन हजार तीन सालातली, जानेवारीतली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करत होते.

माझे वडील केशवराव चौगुले. सगळं गाव त्यांना केसूमामा म्हणायचं, मी आबा म्हणायचे. कोल्हापुरात स्टुडिओ चालू होते तेव्हा मेकअपमन म्हणून त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. विशीतल्या पोराला सत्तरीचा म्हातारा करावा आणि साठीच्या नटीला नवरी करावी ती आबांनीच. स्टुडिओ बंद पडले आणि आबांनी सिनेमाचं नाव टाकलं. घरात कुणी पडद्याचा विषय काढलेला त्यांना खपायचा नाही. नाटकवाले अजून अधूनमधून दाराशी यायचे, त्यांचं काम ते करायचे. बाकी त्यांची सगळी कला उरली होती ती माझ्या चेहऱ्यापुरती. रोज सकाळी सव्वासातला मी खिडकीपाशी बसायची आणि ते अर्ध्या तासात मला पूर्ण करायचे. उन्हाळ्यात घाम येतो म्हणून वेगळा थर, थंडीत वेगळा. आई होती तोवर ती शेजारी बसून चहा प्यायची. आई गेल्यावर आम्ही दोघंच.

“लग्न होईस्तोवर करतो,” आबा म्हणायचे. “मग नवऱ्याला शिकवतो.”

हा त्यांचा विनोद होता. नवरा कुठून येणार होता हे दोघांनाही ठाऊक होतं. आलेल्या स्थळांना आबा आधीच खरं सांगून टाकायचे आणि मग ती माणसं चहा न संपवता उठायची.

श्रीरंग पाटगावकर आमच्या फिल्म सोसायटीचा चिटणीस. पुण्यात सिनेमाचं काहीतरी शिकून आलेला, दाढी वाढवलेला, दुसऱ्याचं बोलणं तोडून बोलणारा. त्याने एका महिन्यात सलग तीन डॅनिश चित्रपट दाखवले. डेन्मार्कच्या काही दिग्दर्शकांनी म्हणे शपथच घेतली होती: सेट नाही, दिवे नाहीत, मेकअप नाही, कॅमेरा हातात धरायचा, आणि दिग्दर्शकाचं नाव पडद्यावर घालायचं नाही. चार पैशांत काढलेले ते सिनेमे. चित्र हलायचं, अंधूक दिसायचं, आणि त्यातली माणसं चारचौघांत जे बोलू नये ते बोलायची आणि करू नये ते करायची. पहिल्या दिवशी मध्यंतरापर्यंत अर्धं सभागृह रिकामं झालं. आमचे अध्यक्ष उठताना म्हणाले, “ह्यापेक्षा बायकोबरोबर भांडण बरं, निदान मराठीत तरी होतं.” मी मात्र जागची हलले नाही. त्या पडद्यावरच्या बायकांच्या तोंडावर काहीच नव्हतं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, नाकावरच्या पुटकुळ्या, सगळं जसंच्या तसं. मेकअपवाल्याच्या पोरीला ते किती दिसलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या चित्रपटानंतर खुर्च्या रचताना मी श्रीरंगला माझं सांगितलं. का सांगितलं, तर मला तो आवडायचा. सरळ सांगायचं तर त्याच्यासाठी मी जीव ओवाळून टाकला असता. त्याने दया दाखवली नाही, की डोळे विस्फारले नाहीत.

“हाच आपला सिनेमा,” तो म्हणाला. “तीन माणसं जेवायला बसतात. प्रत्येकजण कधीच न सांगितलेलं एक खरं सांगतो. काही लिहायचं नाही, काही ठरवायचं नाही. एकाचं दुसऱ्याला आधी कळता कामा नये. तू करशील?”

“बाकीचे दोघं करतील?”

“ते तयार आहेत. तुझंच बाकी आहे.”

मी पंधरा दिवस मागितले आणि मग हो म्हणाले. एकटीने मी ते कधीच केलं नसतं. आणखी दोघं उघडी पडणार होती, म्हणून मी पडले.

त्यानंतरचे चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात हलके दिवस होते. दर रविवारी सकाळी आम्ही चौघं श्रीरंगच्या घरी गप्पा मारायला जमायचो. मी तिथे मोरीत तोंड धुवायची आणि तशीच त्यांच्यात येऊन बसायची. माझ्याकडे कुणी मुद्दाम बघायचं नाही, कुणी मुद्दाम बघायचं टाळायचं नाही. अरुंधतीच्या आईचा विषय निघाला तेव्हा मी तिला जवळ घेऊन रडले होते. मुकुंदला मी विचारलं होतं, अजून दुखतं का रे? तो म्हणाला होता, “थंडीत ठणकतं.” मग मी त्याला वैद्याकडून तेल आणून दिलं होतं.

मे महिन्यात सिनेमा तयार झाला. पाऊण तासाचा. नाव ‘तीन ताटं’. एका शाळेच्या सभागृहात दोन खेळ ठरले. शनिवारी संध्याकाळी सभासदांसाठी, आणि रविवारी सकाळी दहाला सगळ्यांसाठी, नंतर चर्चा. नियमाप्रमाणे पडद्यावर दिग्दर्शकाचं नाव नव्हतं. पेपरात मात्र श्रीरंगचा फोटो तीन कॉलमी आला होता.

आबांना मी काहीच सांगितलं नव्हतं. सांगायला जायची आणि भाजीचा विषय काढून परत यायची. शेवटी ठरवलं की त्यांना शनिवारच्या खेळाला घेऊनच जायचं. अरुंधतीचं ऐकतील, मुकुंदची पाठ बघतील, मग माझं येईल. तेव्हा त्यांना कळेल की त्यांच्या पोरीनं एकटीनं काही येडेपणा केलेला नाही, तिच्याबरोबर माणसं होती. सिनेमा म्हटल्यावर आबांनी नाक मुरडलं, पण मी त्यात आहे म्हटल्यावर धुतलेला शर्ट घालून आले.

आम्हाला दोघांना दारात बघून श्रीरंगच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मी समजले, पहिला खेळ आहे, घाबरला असेल.

“काका सिनेमे बघत नाहीत म्हणालीस ना?” तो हळूच म्हणाला.

“माझा बघणार,” मी म्हणाले.

दिवे मालवले. सुरुवातीलाच पडद्यावर पांढरी अक्षरं आली: या चित्रपटात काहीही खोटं नाही. अरुंधती बोलली. आबांनी मान हलवली, त्यांना ती पोरगी आवडली असावी. मग मुकुंदने शर्ट काढला.

आबा खुर्चीत पुढे सरकले. चष्मा वर केला, परत खाली घेतला.

“हे माझं काम हाय,” ते म्हणाले.

“काय?”

“पाठ. ती पाठ मी केलीय. जानेवारीत हा पोरगा घरी आलता, तू सकाळीच बाहेर गेलतीस. बँकेचं नाटक हाय म्हणाला. नऊला आला, अकराला गेला.” ते अगदी हळू, मला कामातली खुबी समजावल्यासारखं बोलत होते. “पट्ट्याचं टोक जोरात लागतं, म्हणून वळ टोकाला जाड पायजे. मी जाड केलंय बघ. नाटकात एवढं कोण बघतंय, पण मी करतो.”

मी बघितलं. सगळे व्रण उजव्या टोकाला जाड होते.

मी काही बोलणार तेवढ्यात पडद्यावर मी तेलाची वाटी उचलली. आता काही थांबवता येणार नव्हतं. माझ्या शेजारी बसून आबांनी त्यांचं तेरा वर्षांचं काम ओढणीला पुसलं जाताना बघितलं. शेवटपर्यंत बघितलं. दिवे लागल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि माना वळवून माझ्याकडे बघत होते. आबांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“तू ये मागनं,” ते म्हणाले आणि गर्दीतून वाट काढत गेले.

मी आधी अरुंधतीला गाठलं. ती जिन्याजवळ अभिनंदन घेत उभी होती. मी तिला बाजूला ओढलं.

“तुझी आई कशी आहे?”

तिने खांद्यावरची पर्स सावरली.

“सांगलीला आहे,” ती म्हणाली. “नीला, मी तुला सांगणार होते. कितीदा तरी सांगणार होते. पण तू इतकी रडलीस ना त्या दिवशी, मग मला तोंडच उघडता येईना.”

तेवढ्यात श्रीरंग आला. त्याला विचारावं लागलं नाही, तो आपणहोऊन बोलायला लागला. ते दोघं आयत्या वेळी मागे सरले होते म्हणे. मुकुंद म्हणाला माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काहीच नाही. अरुंधती म्हणाली आहे ते मी सांगणार नाही. मग त्याने दोघांना लिहून दिलं आणि आठवडाभर तालीम घेतली.

“आणि मला नाही सांगितलंस.”

“सांगितलं असतं तर तू केलं असतंस?”

“नाही.”

“मग?” तो म्हणाला. त्याला वाटलं त्याने गणित सोडवून दाखवलं. “त्या दोघांचं खोटं कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण शेवटी तुझं खरं येतं. तुझ्यामुळे सगळं खरं वाटतं. हे किती मोठं आहे, कळतंय का तुला?”

“मेकअपसाठी तुला अख्ख्या गावात आबाच सापडले?”

“त्यांच्याइतका चांगला हात दुसरा कुणाचा आहे?” तो म्हणाला, आणि वाईट म्हणजे ते त्याने मनापासून म्हटलं.

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही. मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच होतं. त्या चार महिन्यांतल्या रविवारी आम्ही तिघं कधी नव्हतोच. दोन माणसं शर्टाची बटणं लावून बसली होती आणि मी एकटी त्यांच्यात उघडी बसत होते. थंडीत ठणकतं, म्हणाला होता. आणि मी तेल आणून दिलं होतं.

घरी आले तर आबा अंधार पडू लागला तरी दिवा न लावता बसले होते. मी दिवा लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

“मला आधी सांगायला काय झालतं?” शेवटी ते म्हणाले.

“तुम्ही नको म्हणाला असता.”

“व्हय, म्हणालो असतो. तुझ्या डागाची मला कधी लाज वाटली न्हाई, नीला. लोकांची भीती वाटली. पुसलंस ते पुसलंस, तुझं तोंड हाय. पण असल्या खोट्यांच्या पंगतीत बसून पुसलंस, याचं वाईट वाटतंय.”

मी म्हणाले, उद्याच्या चर्चेला मी जाणार. मंचावर बसणार आणि सगळ्यांना सांगणार की यांचं खोटं आहे आणि माझं खरं आहे. ते एवढं एकच माझ्या हातात उरलं होतं. निदान माझ्या चेहऱ्याचं खरं तरी माझ्या नावावर राहावं.

“बरं,” आबा म्हणाले.

रविवारी सकाळी सव्वासातला मी नेहमीप्रमाणे खिडकीपाशी बसले. हे लिहायला लाज वाटते, पण बसले. रस्त्याने जायचं होतं, रिक्षात बसायचं होतं. पडद्यावर एक गोष्ट आणि चौकात एक गोष्ट. आबांनी काही न विचारता हात चालवला. त्या दिवशी त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला.

सभागृह खच्चून भरलं होतं. सिनेमा संपल्यावर आम्हा चौघांना मंचावर बसवलं. श्रीरंगने माइक घेऊन डेन्मार्कपासून सुरुवात केली. आपला समाज झाकपाकीत जगतो, मराठी सिनेमा रंग फासून उभा आहे, आम्ही ते रंग उतरवले, वगैरे. अरुंधती मांडीवरच्या हातांकडे बघत होती. मुकुंद घामाने भिजला होता. आबा मागच्या रांगेत बसले होते.

मग प्रश्न सुरू झाले. चौथ्या रांगेतून एक मुलगी उठली. वीस-बावीस वर्षांची, मेच्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता घातलेली. शेजारी तिची आई असावी.

“मला त्या ताईंना विचारायचंय,” ती माझ्याकडे बघत म्हणाली. “ते खरं आहे का? म्हणजे, खरंच तसं आहे का तुम्हाला?”

माइक माझ्याकडे आला. मी उठले. कुठून सुरुवात करायची ते रात्रभर ठरवलं होतं. मुकुंदच्या पाठीपासून.

“त्या मुकुंदरावांची पाठ,” मी म्हणाले. “ती पाठ…”

“ती पाठ मी केलीय,” मागून आवाज आला.

आबा उभे राहिले होते. पुढच्यांनी वळून बघितलं, दोघातिघांनी ओळखलं, केसूमामा, केसूमामा अशी कुजबुज झाली. आबांना आवाज चढवायची सवय नव्हती, पण सभागृह गप्प झाल्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

“मी केशव चौगुले. चाळीस वर्षं मेकअप करतोय. ह्या पोराच्या पाठीवरचे वळ माझे हायत. जानेवारीत काढलेत, दोन तास लागले.” त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “आणि माझ्या पोरीच्या तोंडावरचं कोड पण मीच काढलंय. तिला काय झालेलं न्हाई. बघा की, तुमच्या म्होरंच उभी हाय.”

सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. आणि माझा चेहरा त्या दिवशी कधी नव्हे इतका नितळ होता.

पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग टाळ्या सुरू झाल्या. सिनेमाला पडल्या नव्हत्या इतक्या. काय हात आहे, म्हणाले. जवळून घेतलेलं चित्र आणि कळलंसुद्धा नाही, म्हणाले. श्रीरंग उडी मारून माझ्याजवळ आला.

“काका गंमत करतायत,” तो माइकमध्ये म्हणाला. मग माइकवर हात ठेवून, हळू आवाजात, “नीला, सांग त्यांना. पाठीचं जाऊ दे. तुझं तरी खरं आहे, ते सांग. एवढं एक सांग, नाहीतर काहीच उरत नाही.”

मी खाली बघितलं. आबा अजून उभेच होते, पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून. आयुष्यात कधी कुणाला थाप न मारलेला माणूस. मला बघायला आलेल्या प्रत्येकाला आधी खरं सांगून टाकणारा. आज त्याने तीनशे लोकांसमोर माझ्यासाठी एक थाप मारली होती आणि ती आता माझ्या हातात होती. मला त्यांचा राग आला. मी जे एकच माझं म्हणून सांगायला आले होते, ते त्यांनी माझ्या तोंडून काढून घेतलं होतं. श्रीरंगने माझं खरं चोरून वापरलं, आणि आबांनी ते प्रेमाने खोटं करून टाकलं. पण त्यांना तिथे सगळ्यांदेखत खोटं पाडायचं मला जमलं नाही. आणि श्रीरंगला काहीच उरू नये, असंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

“आबा म्हणतायत ते बरोबर आहे,” मी माइकमध्ये म्हणाले. “सगळा मेकअप होता.”

पुन्हा टाळ्या झाल्या. श्रीरंग खुर्चीत बसला. त्यानंतर त्याने मला कधी हाक मारली नाही. ‘तीन ताटं’ पुन्हा कुठे लागल्याचंही माझ्या कानावर आलं नाही.

बाहेर पायऱ्यांपाशी लोकांनी आबांना घेरलं. इतक्या वर्षांनी त्यांचं असं कौतुक होत होतं आणि त्यांना कुठे बघावं ते कळत नव्हतं. गर्दी जरा ओसरल्यावर ती मुलगी आईला घेऊन माझ्यापुढे आली.

“मी काल पण आले होते,” ती म्हणाली. “एका ओळखीच्यांच्या पासवर. एकटीच. आज आईला घेऊन आले.”

मी हसले.

तिने उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत सरकवली. हात मनगटापासून वरपर्यंत पांढरा पडला होता. आईने घाईने तिची बाही खाली ओढली आणि आजूबाजूला बघितलं.

“मला वाटलं, कुणीतरी खरंच दाखवलं,” मुलगी म्हणाली. “घरी जाऊन आईला मी तेच सांगितलं. म्हटलं, बघ, त्या ताई दाखवतात आणि जेवतात पण सगळ्यांबरोबर.”

आबा शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांनी तो हात बघितला होता. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

“घरी ये बाळ,” ते म्हणाले. “लावायला शिकवतो तुला. कुणाला कळायचं न्हाई.”

तिने नकारार्थी मान हलवली.

“मला ते नको होतं, काका,” ती म्हणाली आणि आईला घेऊन पायऱ्या उतरून गेली.

खाली रिक्षा लवकर मिळाली नाही. त्या दोघी बराच वेळ उन्हात उभ्या होत्या. मध्ये दहा-बारा पायऱ्या होत्या. मी उतरले नाही.